एकच दुपार, राहुकाळ आणि अमृत

गेल्या डिसेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी आम्ही पुण्यातल्या एका दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकावर टोकनची वाट पाहत बसलो होतो. आम्ही म्हणजे दस्ताच्या भाषेत ‘लिहून घेणार’: मी, पत्नी आणि आमच्यासोबत हट्टाने आलेली आई. समोरच्या बाकावर ‘लिहून देणार’ होते: ज्यांच्याकडून आम्ही जुनी सदनिका घेत होतो ते गृहस्थ आणि त्यांचे सत्तरी ओलांडलेले वडील. हे मूळचे मारवाडचे कुटुंब तीन पिढ्यांपासून पुण्यात व्यापार करते, आणि वडिलांना सगळे शेठजीच म्हणतात. आत सर्व्हर बंद पडला होता, आणि तो केव्हा सुरू होईल हे कोणालाच सांगता येत नव्हते.

आईने पर्समधून एक चिटोरे काढले. तिच्या भजनी मंडळाच्या गटावर आलेला वारांचा तक्ता तिने स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतला होता. त्यात गुरुवारपुढे ‘दीड ते तीन, राहुकाळ’ असे लिहिलेले होते. ती मला म्हणाली, ‘‘हे बघ, तीन वाजेपर्यंत सही करायची नाही. नंबर आला तरी मागच्या माणसाला पुढे जाऊ दे.’’ त्याच वेळी शेठजींनी आपला फोन मुलापुढे धरला आणि आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने सांगितले, ‘‘एक त्रेपन्नपासून अमृत लागतंय, सव्वातीनपर्यंत आहे. सही त्यातच झाली पाहिजे. ताई, तुमची काही अडचण नाही ना?’’ अडचण होती, आणि ती नुसती मतांची नव्हती. आई ज्याला राहुकाळ म्हणत होती आणि शेठजी ज्याला अमृत म्हणत होते तो काळाचा तुकडा एकच होता, आणि तो का एकच होता हे मला त्या दिवशी त्या बाकावर कागदावर आकडे मांडल्यावर कळले.

राहुकाळाचा हिशेब अवघड नाही. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे आठ समान भाग करायचे आणि त्यांतला एक भाग राहूला द्यायचा. सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा आणि रविवारी आठवा. दिवसाचा पहिला भाग राहूला कधीच मिळत नाही. हा क्रम वारांच्या नेहमीच्या ओळीत बसत नसल्यामुळे तो ध्यानात ठेवणे कठीण जाते. माझ्या जुन्या कार्यालयात चेन्नईहून आलेला एक सहकारी होता. त्याने त्यासाठी इंग्रजीतली एक युक्ती शिकवली होती: ‘मदर सॉ फादर वेअरिंग द टर्बन संडे’. प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर म्हणजे त्या त्या वाराचे इंग्रजी अक्षर. आईने वडिलांना रविवारी फेटा बांधलेला पाहिले, एवढ्या वाक्यात सात दिवसांचा राहुकाळ मावतो, आणि खरे सांगायचे तर मला तो क्रम आजही त्या फेट्यामुळेच आठवतो.

घोटाळा होतो तो तक्त्यात. ‘सोमवारी साडेसात ते नऊ, शनिवारी नऊ ते साडेदहा’ हा जो तक्ता भिंतीवरच्या दिनदर्शिकांपासून मंगल कार्यालयांच्या पाट्यांपर्यंत सगळीकडे दिसतो, तो सूर्य बरोबर सहाला उगवतो आणि बरोबर सहाला मावळतो असे गृहीत धरून केलेला आहे. पुण्यात घड्याळाच्या हिशेबाने असा दिवस वर्षातून एकदाही येत नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे आणि पुणे जवळपास ७३ अंश ५१ कलांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपला मध्यान्ह घड्याळातल्या बारानंतर सरासरी ३५ मिनिटांनी होतो. त्यात दिवसही लहानमोठा होत राहतो. डिसेंबरच्या अखेरीस पुण्याचा दिवस ११ तासांचा असतो, म्हणजे त्याचा आठवा भाग साडेब्याऐंशी मिनिटांचा भरतो, तर जूनच्या अखेरीस दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास जाऊन तोच भाग ९९ मिनिटांचा होतो.

त्या गुरुवारी पुण्यात सूर्योदय ७ वाजून १ मिनिटाने आणि सूर्यास्त ६ वाजून १ मिनिटाने होता. सहावा भाग मोजला तर तो १ वाजून ५३ मिनिटांना सुरू होऊन ३ वाजून १६ मिनिटांना संपतो. आईच्या चिटोऱ्याप्रमाणे तीन वाजता ‘सुटलो’ म्हणून आम्ही सही केली असती, तर ती तिच्याच नियमाप्रमाणे राहुकाळात पडली असती, आणि दीड वाजता ज्या भीतीने आम्ही मागच्या माणसाला पुढे पाठवले असते ती भीती अजून लागू झालेलीच नसती. जूनमध्ये तर गुरुवारचा राहुकाळ पुण्यात सव्वादोनला लागतो आणि चार वाजायला सहा मिनिटे कमी असताना संपतो, त्यामुळे तक्ता पाहून तीनची वाट पाहणारा मनुष्य बरोबर त्याच्या मध्यात कामाला लागतो. माझी बहीण नागपूरला असते. तिचा मध्यान्ह आपल्यापेक्षा २१ मिनिटे आधी होतो, आणि तरी तिच्या घरातल्या तक्त्यात वेळा याच आहेत. जो नियम सूर्योदयावर उभा आहे तो सूर्योदयाकडे न पाहता पाळायचा, हे मला पटत नाही. राहुकाळ मानायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे, पण मानायचाच असेल तर तो पुण्याच्या उन्हाने मोजावा, एवढा माझा आग्रह आहे.

शेठजींच्या फोनवर जे होते ते चोघडिये, ज्याला आपल्याकडे चौघडी असेही म्हणतात. गुजरात आणि राजस्थानकडच्या व्यापारी घरांतून ती पुण्यात आली आणि आता मराठी घरांतही रुळली आहे. तिथेही दिवसाचे आठच भाग करतात आणि रात्रीचे वेगळे आठ. नावे सात आहेत: उद्वेग, चर, लाभ, अमृत, काळ, शुभ, रोग. दिवसा ती याच क्रमाने फिरतात आणि प्रत्येकामागे एक ग्रह आहे: उद्वेग रवीचा, चर शुक्राचा, लाभ बुधाचा, अमृत चंद्राचा, काळ शनीचा, शुभ गुरूचा आणि रोग मंगळाचा. ज्या वाराचा जो ग्रह, त्याच्या नावाने दिवस सुरू होतो. त्यामुळे गुरुवार ‘शुभ’पासून सुरू होतो आणि पुढे रोग, उद्वेग, चर, लाभ अशी पाच घरे ओलांडली की सहावे घर येते अमृताचे. राहुकाळही गुरुवारी सहावाच. दोन्हीकडे आठच भाग, दोन्हीकडे सूर्योदय तोच, म्हणून एका परंपरेतले सर्वांत टाळावे असे घर आणि दुसरीतले सर्वांत घ्यावे असे घर मिनिटामिनिटाने एकमेकांवर बसतात. दर गुरुवारी बसतात. शुक्रवारी मात्र चौथा भाग राहूचाही आणि ‘काळ’ नावाच्या चौघडीचाही असतो, त्यामुळे त्या दिवशी आई आणि शेठजी यांचे एकमत झाले असते.

हा गुंता वाढवायला आणखी दोन नावे हाताशी आहेत. यमगंड आणि गुलिक ही दोन्ही याच आठ भागांतून निघतात, पण त्यांच्यामागचा नियम राहुकाळापेक्षा सरळ आहे. दिवसाचा पहिला भाग त्या वाराच्या ग्रहाला द्यायचा, पुढचे भाग वारांच्या क्रमाने वाटायचे आणि आठवा कोणालाच द्यायचा नाही. शनीच्या वाट्याचा भाग तो गुलिक आणि गुरूच्या वाट्याचा भाग तो यमगंड. म्हणून गुरुवारी यमगंड सूर्योदयालाच लागतो आणि शनिवारी गुलिक. आता गंमत अशी की गुलिक हा सरसकट वाईट मानला जात नाही. तमिळ घरांत अशी समजूत आहे की गुलिकात केलेली गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. त्यामुळे त्या वेळी अंत्यसंस्कार टाळतात, पण सोने घेण्याला हरकत नसते, कारण सोने पुन्हा पुन्हा घेण्याची वेळ आली तर कोणाला नको आहे? राहुकाळाचेही तसेच. तिकडे मंगळवारी आणि शुक्रवारी याच राहुकाळात दुर्गेच्या देवळात लिंबाच्या सालीत दिवे लावायला बायकांची रांग लागते. आपल्याकडे तक्ता आला, पण हे दिवे मागेच राहिले. वेळ टाळायची एवढेच आपण उचलले.

फोनवरची पंचांगे हे सगळे एका पडद्यावर लाल रंगात दाखवतात. राहुकाळ, यमगंड आणि गुलिक मिळून दिवसाचे आठापैकी तीन भाग जातात, म्हणजे डिसेंबरातल्या ११ तासांपैकी चार तासांहून अधिक. त्यात उद्वेग, रोग आणि काळ या चौघड्या घाला, वारावरून ठरणारे दुर्मुहूर्त घाला, आणि एखाद्या दिवशी भद्रा, म्हणजे तिथीवरून ठरणारी वर्ज्य वेळ, असेल तर तीही घाला. मग उरलेल्या वेळात माणसाने दाढी करावी की दुकान उघडावे असा प्रश्न पडतो. वेगवेगळ्या प्रांतांतल्या लोकांनी आपापल्या घरी एकेकच पद्धत पाळली होती, आणि तीही निवडक कामांपुरती. या सगळ्यांची भेळ करून ती रोज खाण्याचा प्रघात फोन हातात आल्यानंतरचा आहे, असे मला माझ्या घराकडे पाहून वाटते.

माझ्या आजीच्या तोंडून राहुकाळ हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. ती सातारकडची. तिच्या टाळायच्या वेळा वेगळ्या होत्या. अमावास्येला नवे काही सुरू करायचे नाही, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी किंक्रांत म्हणून प्रवासाला निघायचे नाही, पितृपंधरवड्यात खरेदी नाही, आणि तिन्हीसांजेला झोपायचे नाही, केर काढायचा नाही, नखे कापायची नाहीत. सोमवारी आणि शनिवारी पूर्वेकडे जायचे असेल तर दिशाशूळ म्हणून ती दह्याचा चमचा हातावर ठेवत असे, आणि मग खुशाल जाऊ देत असे. तिन्हीसांजेबद्दल मी लहानपणी तिच्याशी वाद घातला होता. ज्या वेळेला आपण कातरवेळ म्हणून जेवायलाही बसत नाही, त्याच वेळेला गोरज मुहूर्त म्हणून लग्ने कशी लागतात, असे मी विचारले होते. तिने उत्तर दिले, ‘‘अरे, लग्न लावायला दोन माणसं उभी असतात, झोपलेली नसतात.’’ मला ते तेव्हा पटले नव्हते. आता थोडेसे पटते.

या सगळ्यांचे वयही सारखे नाही. पंचांगाची पाच अंगे म्हणजे तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. राहुकाळ यांपैकी कशातही नाही, तो वार आणि सूर्योदय यांच्यापासून काढलेला आहे. आणि वार ही गोष्ट आपल्याकडे उशिरा आलेली आहे. वेदांगज्योतिषात तिथी आहे, नक्षत्र आहे, पण सात वार नाहीत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली पुण्यातच छापलेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त हे सविस्तर मांडले आहे. भारतात वाराचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख मध्य प्रदेशातल्या एरण येथील स्तंभलेखात सापडतो. गुप्त संवत १६५, म्हणजे इसवी सन ४८४, वार सुरगुरूचा. म्हणजे आपला हाच गुरुवार. तेव्हा वारावर उभारलेली कोणतीही शुभाशुभ वेळ ‘वेदकाळापासून’ चालत आलेली असू शकत नाही, असे मी आईला सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, ‘‘पण सव्वातीनला संपतो ना नक्की?’’

जुन्या मुहूर्तग्रंथांत मात्र वारांनुसार टाळायच्या वेळा भरपूर आहेत, फक्त त्यांचे मोजमाप वेगळे आहे. काशीच्या राम दैवज्ञाने शके १५२२ मध्ये पुरा केलेल्या ‘मुहूर्तचिंतामणी’त कुलिक, कालवेला, यमघंट आणि कंटक अशी नावे येतात, आणि तिथे दिवसाचे आठ नव्हे तर पंधरा भाग आहेत. अशा एका भागाला मुहूर्त म्हणायचे. बारा तासांच्या दिवसात तो ४८ मिनिटांचा होतो. कुलिक रविवारी चौदावा, सोमवारी बारावा, मंगळवारी दहावा, असे दोन दोन उतरत शनिवारी दुसरा. शनीपर्यंत वार मोजायचे आणि दुप्पट करायची, इतका सोपा हिशेब. दक्षिणेतला गुलिक आणि हा कुलिक एकाच शनीचे असले तरी नेमके एकाच वेळेला येत नाहीत. दर वारी दोघे एकमेकांवर थोडेफार येतात, एवढेच. पंधरांतला मधला, म्हणजे आठवा मुहूर्त तो अभिजित. तो मध्यान्हाच्या दोन्ही बाजूंना निम्मा निम्मा असतो आणि एरवी सर्व दोष घालवणारा समजला जातो, पण बुधवारी तोच दुर्मुहूर्त ठरतो आणि वर्ज्य होतो. बुधवारचा राहुकाळही पाचवा म्हणून बरोबर मध्यान्हाला सुरू होतो. इथे दोन वेगळ्या परंपरा न ठरवता एका जागी भेटलेल्या दिसतात, आणि असे क्वचित दिसते म्हणून मला ते आवडते.

भद्रेचे प्रकरण यांच्याहून निराळे आहे, कारण ती खरोखर पंचांगाच्या अंगातली आहे. करण म्हणजे अर्धी तिथी. करणे अकरा आहेत, त्यांपैकी विष्टी नावाचे करण म्हणजे भद्रा. शुक्ल पक्षात चतुर्थीच्या आणि एकादशीच्या उत्तरार्धात, अष्टमीच्या आणि पौर्णिमेच्या पूर्वार्धात ती येते, म्हणजे पौर्णिमेचा पहिला अर्धा भाग दर महिन्याला तिचाच. म्हणून दर राखीपौर्णिमेला आणि दर होळीला तिची चौकशी करावी लागते. २०२३ साली राखी ३० ऑगस्टला आली आणि भद्रा रात्री नऊनंतर संपली. तेव्हा फोनवर आलेल्या संदेशांमुळे आमच्या इमारतीतल्या दोन बहिणी रात्री साडेनऊला राख्या घेऊन निघाल्या होत्या. त्यांच्या आयांनी त्यांच्या लहानपणी भद्रा पाहून राखी बांधल्याचे त्यांना स्वतःलाच आठवत नव्हते. भद्रा सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या अंतरावर ठरते, त्यामुळे ती पुण्यात आणि नागपुरात एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी सुटते. राहुकाळ गावोगाव बदलतो. टाळायच्या वेळांचा पाढा म्हणणाऱ्या अनेकांना हा फरक ठाऊक नसतो, आणि माझ्या मते तो ठाऊक असणे हे वेळ पाळण्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

बाकावर आता पावणेदोन झाले होते. सर्व्हर सुरू झाला नव्हता, आणि झाला असता तरी आमच्यापुढे अकरा टोकन होते. दस्त तयार करणाऱ्या वकीलबाईंनी मध्ये पडून एक गोष्ट सांगितली, आणि ती मला त्या दिवशीच्या सगळ्या ज्योतिषापेक्षा उपयोगी वाटली. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे नोंदलेला दस्त नोंदणीच्या क्षणापासून लागू होत नाही, नोंदणीची गरज नसती तर तो ज्या वेळेपासून लागू झाला असता त्या वेळेपासून होतो. म्हणजे पक्षकारांनी सह्या करायच्या त्या आधी करता येतात, आणि आत जाऊन फक्त कबुली, फोटो आणि अंगठा द्यायचा असतो. मग ‘व्यवहाराची वेळ’ कोणती धरायची? सहीची, की अंगठ्याची, की पावतीवर छापून येईल ती? मुहूर्तग्रंथांना हा प्रश्न कधी पडला नसणार.

शेठजींनी त्याचा लगेच फायदा घेतला. दोन वाजून दहा मिनिटांनी, भर अमृतात, त्यांच्या मुलाने ‘लिहून देणार’ या शब्दांखाली पानापानावर सह्या केल्या. आईने त्याला हरकत घेतली नाही. ‘‘त्यांनी त्यांच्या वेळेला करावी,’’ असे ती म्हणाली, ‘‘राहुकाळ आपल्याला आहे, त्यांना थोडाच आहे?’’ या वाक्यावर मी बराच वेळ विचार करत राहिलो. आमच्या सह्या मात्र तिने सव्वातीन वाजून गेल्यावर, माझ्या कागदावरचा आकडा आणि माझे घड्याळ दोन्ही स्वतः पाहून, मग करू दिल्या. टोकन आले पावणेचारला. फोटो झाले, अंगठे झाले, आणि दस्ताच्या शेवटच्या पानावर वेळ छापून आली: दुपारी ३ वाजून ५२ मिनिटे.

आई समाधानाने पाणी प्यायली. राहुकाळ संपून अर्ध्या तासावर वेळ गेली होती. शेठजींनी सवयीने फोन काढून पाहिला, आणि मी शेजारी उभा असल्यामुळे मलाही पडदा दिसला. गुरुवारचा सातवा भाग चालू होता, सव्वातीन ते चार अडतीस, आणि त्यापुढे लाल अक्षरांत ‘काळ’ असे लिहिलेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, फोन बंद करून खिशात टाकला आणि आईकडे वळून विचारले, ‘‘ताई, चहा साखरेचा चालतो ना तुम्हाला?’’